मध्यरात्री संगणकाला कोण उठवतं?

प्रश्न : रात्री मी संगणक ‘स्लीप’वर टाकून झोपते. या महिन्यात तीनदा मध्यरात्री पाहिलं, तर पडदा उजळलेला आणि आतला पंखा घरघरतोय! हात कुणीच लावलेला नसतो. व्हायरस शिरला असेल का?

उत्तर : व्हायरस माझ्या यादीत शेवटी. पहिला संशय उंदरावर, म्हणजे माउसवर.

स्लीपमध्ये प्रोसेसर थांबतो, पण मेमरीला वीज मिळत राहते. डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय ५ व्होल्टची एक बारीक धार चालूच ठेवतो. त्या धारेवर यूएसबी माउस एक डोळा उघडा ठेवून पडलेला असतो. यूएसबीच्या तारेवर ३ मिलिसेकंद शांतता झाली की त्यानेही आडवं व्हायचं, असा नियम आहे. मात्र झोपण्यापूर्वी संगणकाने ‘गरज पडली तर उठव’ अशी मुभा दिली असेल, तर तो तारेवरची स्थिती १ ते १५ मिलिसेकंद बदलून धरतो. संगणकाला तेवढी हाक पुरते.

माझ्याच टेबलावर चकचकीत काच होती. ऑप्टिकल माउसला अशा पृष्ठभागावर जागच्या जागी हालचाल ‘दिसते’. मी मात्र आठवडाभर मदरबोर्डला शिव्या घातल्या! शेवटी खाली एक जाड कागद सरकवला आणि प्रश्न मिटला.

तुम्ही अंदाज करत बसू नका. पुढच्या वेळी संगणक असा उठला की लगेच, विंडोज असेल तर, कमांड प्रॉम्प्टमध्ये (हुकूम टाइप करण्याच्या खिडकीत) ‘पॉवरसीएफजी’ (powercfg), एक मोकळी जागा, तिरपी रेघ (/) आणि ‘लास्टवेक’ (lastwake) हे इंग्रजीत टाइप करा. बहुतेक वेळा गुन्हेगाराचं नाव समोर येतं. माउस निघाला, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये (उपकरणांच्या विंडोजमधल्या यादीत) त्याच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ पानावर जा आणि संगणकाला जागं करण्याच्या परवानगीची खूण काढा.

नेटवर्क कार्ड निघालं, तर त्याच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ पानावर फक्त ‘मॅजिक पॅकेट’नेच उठण्याचा पर्याय निवडा. हे पॅकेट म्हणजे नेटवर्कवरून येणारी उठवण्याची खास हाक: सगळे बिट १ असलेले ६ बाइट आणि पुढे त्याच कार्डाचा पत्ता सलग १६ वेळा. इतक्या नेमक्या हाकेला चुकून ‘ओ’ दिली जात नाही.

कीबोर्डची परवानगी मात्र राहू द्या. सकाळी एक कळ दाबून उठवता येईल.