मेंढ्यांना सोयाबीन पेंडीऐवजी इथेनॉल कारखान्यातला डीडीजीएस (धान्यातून अल्कोहोल काढल्यावर उरलेला, सुकवलेला चोथा) देता येईल का?

येतो. मी स्वतः देतो. पण सुरुवातीला माझ्या दोन खच्ची नरांची लघवी तुंबली, त्यातला एक गेला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे खाद्य तयार कसं होतं ते बघा. मक्याच्या दाण्यातला स्टार्च यीस्ट खातं, त्याचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होतं. उरतो साधारण एक तृतीयांश चोथा. म्हणजे स्टार्च सोडून दाण्यात जे काही होतं, ते जवळपास तिप्पट दाट होतं. मक्यात प्रथिनं ८-९ टक्के, डीडीजीएसमध्ये २७ ते ३०. इथवर सगळे खूश! पण फॉस्फरसही तिप्पट होतो, आणि दाण्याला बुरशी असेल तर तिचं विषसुद्धा.

माझा नर गेला तो फॉस्फरसपायी. डीडीजीएसमध्ये तो ०.८ टक्क्यांच्या आसपास असतो, कॅल्शियम मात्र नावाला. खुराकात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट हवं. गणित उलटलं की मुतखडे होतात. माद्यांना सहसा निभावतं. नराची मूत्रनलिका अरुंद नि वळणाची, खडा तिथेच बसतो. हल्ली मी खुराकात १ ते दीड टक्का चुनखडीची भुकटी घालतो आणि पाणी कधी कमी पडू देत नाही. नर पाय ताणून कुंथताना दिसला तर सकाळची वाट बघू नका, डॉक्टरांना बोलवा.

दुसरी काळजी गंधकाची. कारखान्यात सल्फ्युरिक आम्ल वापरतात, त्यामुळे प्रत्येक खेपेत गंधक वेगळं येतं. जास्त झालं की पोटात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, ढेकरेवाटे फुप्फुसात जातो आणि मेंदूवर परिणाम होतो. जनावर आंधळ्यासारखं भिंतीला डोकं लावून उभं राहतं. म्हणून एकूण सुक्या खाद्याच्या २० टक्क्यांवर मी जात नाही, आणि तेवढ्यावरही १०-१२ दिवसांत हळूहळू येतो. वैरण भरपूर हवीच.

१ किलो सोयाबीन पेंडीची प्रथिनं भरून काढायला दीड किलोहून थोडा जास्त डीडीजीएस लागतो, भाव ठरवताना हे धरा. रंग सोनेरी बघा. काळपट, करपट वासाचा माल जास्त तापलेला असतो, त्यातली बरीच प्रथिनं लेंडीतूनच बाहेर पडतात. ओला चोथा स्वस्त, पण उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत आंबतो.

बायोडिझेल करताना उरणारी पेंड आणि ग्लिसरीन मेंढ्यांना चालतं का, हेही विचारलंय. मोहरीवर्गातल्या कॅनोलाची पेंड उत्तम, प्रथिनं ३६ टक्क्यांच्या आसपास. ग्लिसरीनमध्ये प्रथिनं नसतातच, फक्त ऊर्जा. आणि जट्रोफाची पेंड कुणी फुकट दिली तरी गव्हाणीत नको. त्यातले फोर्बोल एस्टर हे विषारी घटक साध्या उकळण्याने जात नाहीत. ती खतालाच.