उन्हाळ्यात गच्चीवरच्या मिरचीची फुलं गळतात, पानं आकसतात. काय करावं?

अकोल्यात तिसऱ्या मजल्याची गच्ची, काळ्या प्लास्टिकच्या कुंड्यांत सहा झाडं. मार्चपर्यंत लगडलेली होती, आता फुलं गळतात, पानं वळतात आणि तुम्ही घाबरून दिवसातून तीनदा पाणी घालताय. वाचलं आणि मला माझाच पहिला उन्हाळा आठवला. मी जळगावची. मे महिन्यात आपल्या दोन्ही गावांचा पारा ४३-४४ ला सहज टेकतो, त्यामुळे पुण्याच्या बाल्कनीतले सल्ले आपल्याला अर्धेच लागू पडतात.

मिरची तिखट आहे म्हणून तिला कितीही ऊन चालतं, असा आपला एक समज असतो. तसं नाही. दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्री २५ च्या वर गेलं की फुलातले पराग निकामी होतात, फळ धरत नाही. देठ सांध्याजवळ पिवळा पडतो आणि बोट लागलं तरी फूल गळतं. गच्चीवर तर स्लॅब रात्री अकरापर्यंत गरम असतो, म्हणजे झाडाला रात्रीचाही आराम नाही. खत, टॉनिक, काही घाला, मे महिन्यात फुलं गळणारच. माझं माहेर नंदुरबारचं. तिथे पथाऱ्यांवर वाळणारी लाल मिरचीसुद्धा बहुतेक पावसाळी लावणीची असते. म्हणून आता सहाही झाडांकडून मिरच्यांची अपेक्षा सोडा आणि ती फक्त जगवा. मिरची हे एका वर्षात संपणारं झाड नाही, कुंडीत दोन-तीन वर्षं राहतं. जगलं तर पावसाळ्यात सगळं भरून देतं.

आता पाणी. माझी पहिल्या वर्षी चार झाडं मेली ती उन्हाने नाही, पाण्याने. दुपारी दोनला झाड मान टाकायचं, मी लगेच तांब्या घेऊन धावायचे. शेवटी एक कुंडी उपडी केली. पश्चिमेकडची मुळं तपकिरी, लिबलिबीत, हातात सालं निघत होती. पूर्वेकडची पांढरी आणि ठणठणीत. काळी कुंडी, त्यावर दुपारचं तिरपं ऊन, आणि आत चिखल. मुळं अक्षरशः शिजली होती.

तेव्हापासून दुपारी मी झाडाकडे बघतच नाही. दुपारी मलूल आणि संध्याकाळी सातला उभं असेल तर त्याला काही झालेलं नाही, ते पाणी वाचवतंय. सकाळी सहालाही मान खाली असेल तर मातीत दोन पेरं बोट घालायचं. कोरडी लागली तर पाणी. ओली असूनही झाड मलूल असेल तर मूळ कुजतंय, पाणी बंद. एरवी पाणी सकाळी सातच्या आत, खालून निथळेपर्यंत, एकदाच. माझ्या १४ इंची कुंडीला मे महिन्यात दीड-दोन लिटर लागतं. संध्याकाळी पुन्हा बोट घालून बघते, वरचं कोरडं झालं असेल तरच अर्धा तांब्या. कधी कोरडं ठणठणीत, कधी तुडुंब असं झालं की झाडावरच्या फळाचं टोक काळं पडून बसतं. तो रोग नाही, पाण्याचा अनियमितपणा आहे. बोअरचं पाणी असेल तर मातीवर पांढरा थर साचतो, तो खरवडून काढा.

कुंडी गार ठेवणं हे पाण्याइतकंच महत्त्वाचं. काळ्या कुंडीला बाहेरून चुना फासा किंवा गोणपाट गुंडाळा. स्लॅबवर थेट ठेवू नका, खाली दोन विटा. सहाही कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा, कडेच्या कुंड्या मधल्यांना सावली देतात. मातीवर तीन-चार बोटं पालापाचोळा किंवा उसाचं पाचट, पण खोडापासून दोन बोटं लांब. खोडाला चिकटलं की बुंधा सडतो. वर ५० टक्क्यांची शेडनेट मिळाली तर उत्तम. मी पहिली दोन वर्षं सासूबाईंची जुनी पांढरी सुती साडी अकरा ते पाच ताणून बांधायचे आणि संध्याकाळी काढायचे. शेजारणीला वाटायचं, या रोज एकच साडी वाळत घालतात. सकाळचं ऊन मात्र अंगावर पडू द्या, नाहीतर झाड नुसतं उंच आणि लेचंपेचं होतं.

पानं वळण्याचं कारण वेगळं, आणि इथेच लोक पानं आकसली की सगळ्याला ‘बोकड्या’ रोग म्हणून एकच औषध मारतात. पान कडेने वर वळून द्रोणासारखं झालं असेल तर बहुतेक फुलकिडे. कोरड्या गरम हवेत त्यांचं फावतं. एक फूल पांढऱ्या कागदावर झटका, पिवळसर बारीक काड्या पळताना दिसतील. पान खाली वळलं, म्हणजे उलटा द्रोण, आणि देठ लांबलचक झाला तर कोळी, म्हणजे जाळं विणणारा नव्हे, पानातला रस शोषणारी अगदी बारीक कीड. आणि शेंड्याची पानं इवलीशी, शिरा हिरव्या, मधला भाग पिवळट, सगळा शेंडा गुच्छ झालेला असेल तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्याला औषध नाही, झाड उपटून पिशवीत बांधून फेका, बाकीची पाच वाचतील. ताक फवारा असं सगळे सांगतात. मी फवारलं. गच्चीला चार दिवस आंबूस वास आला, पानं होती तशीच.

फुलकिड्यांना पानांच्या मागे पाण्याचा जोरदार फवारा आणि दर सहा-सात दिवसांनी लिटरला ५ मिलि निंबोळी तेल, साबणाच्या दोन थेंबांसह, ऊन उतरल्यावरच. भर उन्हात तेल लागलं तर पानं करपतात. निळे चिकट सापळे लावा, पिवळे पांढऱ्या माशीसाठी. कोळ्यावर गंधक चांगलं चालतं, पण आपल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात ते पानंच जाळतं, त्यामुळे मी पावसाळ्याआधी हात लावत नाही. दुकानातली जहाल औषधं घरच्या कुंडीत नकोत. फवारल्यावर किती दिवस तोडायचं नाही हे डब्यावर लिहिलेलं असतं, आणि घरात रोज ठेच्याला चार मिरच्या तोडल्या जातातच.

युरिया तर अजिबात नको. मी ‘ताकद येईल’ म्हणून चिमूटभर घातला होता. आठ दिवसांत पानं हिरवीगार, कोवळी लुसलुशीत, आणि त्यावर मावा असा चढला की खोड दिसेना. महिनाभर फक्त मूठभर शेणखत, बस. ढोबळी मिरची लावायचा विचार असेल तर दिवाळीपर्यंत थांबा, तिला आपला मे झेपत नाही.

मे संपता संपता, पहिल्या पावसाच्या आठवडाभर आधी, झाडाचा वरचा तिसरा हिस्सा छाटा. मूठ-दोन मूठ शेणखत द्या. पाऊस पडला की बगलेतून नवे फुटवे येतात आणि त्यांच्यावर फुलं टिकतात. माझं ज्वाला जातीच्या मिरचीचं एक झाड या हिशोबाने तिसऱ्या पावसाळ्यात आहे.

प्रश्नातला तुमचा फोटो वरून काढलाय, त्यावरून फुलकिडे की कोळी हे सांगता येत नाही. एक वळलेलं पान तोडून त्याच्या मागच्या बाजूचा जवळून फोटो टाका. तोवर दुपारचं पाणी थांबवा.