चार महिने पाळी नाही, प्रेग्नन्सी टेस्ट दोनदा निगेटिव्ह. हा पीसीओडीच असेल का?

असेलच असं नाही. मी हेच गृहीत धरून सहा महिने अंगावर काढले, म्हणून कळकळीने लिहितेय.

माझी पाळी तिसाव्या दिवशी हटकून यायची. एकतिसाव्या वर्षी ती थांबली. पाळी येण्याच्या गोळ्या दोनदा दिल्या गेल्या. पहिल्या खेपेला जरासं डाग लागल्यासारखं झालं, दुसऱ्यांदा तेही नाही. त्या गोळ्या प्रोजेस्टेरॉनच्या असतात. त्या थांबवल्यावर रक्तस्राव झाला तरी मूळ दुखणं जागेवरच राहतं.

मग एकदा आंघोळीला जाताना ब्राच्या आतल्या बाजूला दोन कडक झालेले पांढरट डाग दिसले. दाबून पाहिलं तर दुधाचा थेंब! मूल नाही, दिवस गेलेले नाहीत, आणि दूध. हातपायच गळाले.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी विचारलं, "रोज कुठली गोळी चालू आहे?" मी म्हटलं, "काही नाही, फक्त ॲसिडिटीची." आठ महिने रोज उपाशीपोटी घेत होते. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात रॅबेप्राझोलबरोबर लेव्होसल्पिराइड लिहिलेलं होतं. यातलं लेव्होसल्पिराइड प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, वाढवतं. ॲसिडिटीच्याच काही गोळ्यांत असणारं डॉम्पेरिडोनही वाढवतं. साधारण २५च्या आत हवं ते माझं ११८ होतं. प्रोलॅक्टिन इतकं चढलं की मेंदूकडून अंडाशयाला जाणारा निरोपच अडतो, इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन घटतं आणि पाळी बंद होते. असंच चालू राहिलं तर हाडंही ठिसूळ होतात. कॅप्सूल बदलली, दूध तीन आठवड्यांत आटलं, सातव्या आठवड्यात पाळी आली.

तुमचं कारण निराळं असू शकेल. टीएसएच (थायरॉइडसाठी), प्रोलॅक्टिन, एफएसएच आणि एलएच (अंडाशयाला निरोप देणारी हार्मोन्स) आणि इस्ट्रॅडिऑल (इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार) तपासायचं का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. थायरॉइड मंदावला तरी प्रोलॅक्टिन वाढतं. एफएसएच खूप वाढलेलं असेल तर अंडाशयाचं काम वेळेआधी मंदावलंय का ते पाहतात. वजन झपाट्याने उतरलं असेल किंवा व्यायाम अति होत असेल, तर तेही सांगा. प्रोलॅक्टिनसाठी रक्त उठल्याउठल्या देऊ नका, दोन-तीन तास जाऊ द्या. डोकं सतत दुखत असेल किंवा बाजूचं कमी दिसत असेल तर थांबू नका, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत गाठ नाही ना हे एमआरआयने पाहावं लागतं.

मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनीही प्रोलॅक्टिन वाढतं, पण त्या आपल्या मनाने मुळीच बंद करू नका. जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिप पिशवीत घालून न्या, संपलेल्यासुद्धा.