व्हीएचएस कॅसेट कॉम्प्युटरवर घेताना फ्रेम ड्रॉप होतात, नवा कॉम्प्युटर घ्यावा का?

नको, इतक्यात नको. यूएसबी कॅप्चर डिव्हाइस लावून व्हर्च्युअलडब या कॅप्चरच्या प्रोग्राममध्ये कॅसेट घेताना ड्रॉप्ड (हरवलेल्या) फ्रेमचा आकडा चढत जातो, तासाभराने चित्र आवाजाच्या पुढे पळतं आणि प्रोसेसर मात्र निवांत असतो, असं तुम्ही लिहिलंय. प्रोसेसर निवांत असेल तर नवा प्रोसेसर आणून काय होणार? (चित्र पुढे पळण्याचा हिशोब सोपा आहे: पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ गेल्या की एका सेकंदाचा फरक.)

फ्रेम नेमकी कुठे हरवते ते आधी शोधा. कॅसेटचा तोच पाचेक मिनिटांचा तुकडा दोनदा घ्या. आकडा दोन्ही वेळा त्याच दृश्यापाशी उडी मारत असेल तर दोष सिग्नलमध्ये. दरवेळी वेगळ्याच जागी मारत असेल तर कॉम्प्युटरकडे वळा. आणखी खात्री हवी असेल तर व्हीसीआर बाजूला ठेवून त्याच वायरींना डीव्हीडी प्लेयर जोडा आणि घरी बनवलेली डीव्हीडी लावा; तिच्यावर फ्रेम गेल्या नाहीत तर दोष कॅसेटच्या सिग्नलमध्ये. विकतची नको, तिच्यावर बहुतेकदा कॉपी रोखणारा सिग्नल असतो आणि निकाल फसवा येतो.

माझ्या अनुभवात जुन्या कॅसेटचा गुन्हेगार बहुधा सिग्नलच निघतो. टेप ताणली जाते, टेप वाचणारी हेड बसवलेल्या ड्रमची गती किंचित हलते, त्यामुळे चित्राच्या ओळी ठरल्या वेळेवर येत नाहीत. जुना टीव्ही हे सगळं पोटात घालतो. कॅप्चर चिपला मात्र फ्रेम कुठे सुरू झाली हे सांगणारा सिंक पल्स नीट दिसला नाही की ती फ्रेम सोडून देते. रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा सुरू केलेल्या सांध्यांवर हे हमखास होतं. आधी हेड साफ करा, कॅसेट एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवा, ट्रॅकिंग (हेड टेपवरच्या पट्ट्यांवर नेमकं बसवणं) हाताने जुळवून बघा. तेवढ्याने भागलं नाही तर टाइम बेस करेक्टर, म्हणजे सिग्नलची वेळ नीट लावून देणारं उपकरण. इथे एक मेख आहे: काही एस-व्हीएचएस (व्हीएचएसचा सुधारित प्रकार) व्हीसीआरमध्ये असतो तो करेक्टर मुख्यतः ओळी सरळ करतो, ड्रॉप थांबवायला पूर्ण फ्रेम साठवून नव्याने सिंक देणारा लागतो. तो स्वस्त नसतो. काही जुने डीव्हीडी रेकॉर्डर मधे जोडून सिग्नल नुसता आरपार नेला तरी बराच सुधारतो, आधी तेच करून बघा.

आता कॉम्प्युटरची बाजू. ७२० बाय ५७६ चं चित्र न दाबता घेतलं तर सेकंदाला सुमारे २१ मेगाबाइट होतात. हफवाययूव्ही किंवा लॅगरिथ (दर्जा न घालवता चित्र दाबणारे कोडेक) वापरलं तर डिस्कवर साधारण निम्मेच जातात, पण डिव्हाइसपासून कॉम्प्युटरपर्यंत यूएसबीतून पूर्ण २१ यावेच लागतात. यूएसबी २.० प्रत्यक्षात ३०-३५ च्या पुढे फारसं जात नाही. त्याच हबवर बाहेरची हार्ड डिस्कही असेल तर कोंडी झालीच. डिव्हाइस थेट मागच्या पोर्टला लावा आणि फाइल आतल्या डिस्कवर लिहा, शक्यतो विंडोज नसलेल्या. डिस्कचा सरासरी वेग पाहून समाधान मानू नका; मधेच एखाद्या सेकंदासाठी ती अडली तरी बफर भरून फ्रेम जाऊ शकतात. एसएमआर प्रकारच्या (पट्ट्या एकमेकींवर चढवून लिहिणाऱ्या) हार्ड डिस्क लांबलचक फाइल लिहिताना नेमक्या अशाच अडतात. फाइल ज्या फोल्डरमध्ये बनते ते क्लाउडशी सिंक होत नाही ना, हे बघा. डेस्कटॉप फोल्डरमध्ये कॅप्चर करणाऱ्यांना हा त्रास नकळत होतो. अँटिव्हायरसमध्ये ते फोल्डर वगळा, वायफाय तेवढ्यापुरतं बंद ठेवा, पॉवर सेटिंगमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वापर नसताना यूएसबी झोपवणारा पर्याय) बंद करा. डीइंटरलेस (एकाआड एक ओळींची चित्रं एकत्र करणं), नॉइज काढणं वगैरे सोपस्कार कॅप्चर झाल्यावर.

डीव्हीडी लावूनही ठरावीक अंतराने एकेक फ्रेम ड्रॉप किंवा इन्सर्ट (जादा भरली जाणं) होत असेल, तर ते वेगळंच दुखणं: चित्राचं घड्याळ आणि आवाजाचं घड्याळ जुळत नाही. आवाज मदरबोर्डच्या लाइन-इनमधून घेत असाल तर तो कॅप्चर डिव्हाइसमधूनच घ्या. व्हर्च्युअलडबच्या टायमिंग सेटिंगमध्ये आवाज रीसँपल करून (किंचित ताणून किंवा आवळून) चित्राशी जुळवण्याचा पर्याय आहे, तो निवडा.

सॉफ्टवेअर बदलून आकडा शून्य झाला तरी लगेच हुरळू नका. काही प्रोग्राम ड्रॉप झालेली फ्रेम दाखवतच नाहीत, आधीची फ्रेम दुसऱ्यांदा चिकटवून मोकळे होतात. फाइल उघडून हालचालीच्या दृश्यात एकेक फ्रेम पुढे सरकवा, जोडफ्रेम लगेच दिसतात. सगळं करून तासाला पाच-सहा फ्रेम सांध्यांवर गेल्या तर मी त्या सोडून देतो. एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. एकाच जागी सलग वीस-पंचवीस गेल्या तर मात्र तो तुकडा पुन्हा घेतो.