प्रश्न तुमचे, उत्तरे कार्यशाळेतून : ४४६ स्टेनलेसचे वेल्डिंग

प्रश्न : हीट ट्रीटमेंटच्या भट्टीतली ४४६ ग्रेडची ६ मिमी जाडीची प्लेट तडकून आमच्याकडे आली. चार वर्षे वापरलेली आहे. भट्टी साधारण ९५० अंश सेल्सिअसवर चालते. साध्या स्टेनलेसच्या ३०८एल रॉडने जोडली, वेल्ड स्वच्छ आला. दुसऱ्या दिवशी बाक काढायला हातोडा मारला, तर वेल्डला लागूनच काचेसारखी तुटली. रॉड खराब होते का?
— एक फॅब्रिकेटर, कोल्हापूर

उत्तर : तुटलेली कड उन्हात धरून पाहा. खडीसाखरेसारखे चमकणारे जाड दाणे (धातूचे स्फटिक) दिसत असतील, तर रॉडचा संबंध नाही. प्लेट वेल्डच्या कडेलाच ठिसूळ झाली आहे.

४४६ मध्ये २३ ते २७ टक्के क्रोमियम असते आणि निकेल जवळजवळ नसतेच. हे फेरिटिक (स्फटिकरचनेच्या एका प्रकारचे) पोलाद तापताना-निवताना आपली रचना बदलत नाही. त्यामुळे ९५० अंशांच्या वर वाढलेले दाणे नंतर कोणत्याही हीट ट्रीटमेंटने बारीक होत नाहीत. जितकी उष्णता जास्त घालाल, तितके दाणे मोठे. त्यातच हे पोलाद थंड असताना मुळातच ठिसूळ असते. तुम्ही हातोडा नेमका थंड प्लेटवर मारला. बाक काढायचाच असेल, तर प्लेट १५० ते २०० अंशांवर असतानाच काढा.

तुमची प्लेट वापरलेली आहे, म्हणून आणखी एक शंका घ्यायला हवी. ४०० ते ५४० अंशांत फार काळ राहिलेल्या भागात '४७५ अंशांचा ठिसूळपणा' येतो. ५५० ते ८५० अंशांत सिग्मा नावाची कठीण, ठिसूळ फेज (धातूच्या आत वेगळी रचना) तयार होते. भट्टीच्या दारालगतचा, कमी तापणारा भाग यात हमखास सापडतो. म्हणून वेल्डिंगआधी कडेची एक पट्टी कापा, व्हाइसमध्ये धरून वाकवा. तुटली, तर दुसरी पट्टी ८०० अंशांवर १० मिनिटे ठेवून पाण्यात विझवा. आता वाकली, तर ४७५ चा दोष होता आणि प्लेट वाचेल. तरीही तुटली, तर त्या प्लेटवर रॉड जाळू नका, नवीन टाका.

प्लेट चांगली निघाली, तर असे करा. तडा ग्राइंडरने पूर्ण काढा, काळी पपडी दोन्ही बाजूंनी २५ मिमी घासून चकचकीत करा. ब्रश स्टेनलेसचाच हवा. ६० अंशांचा व्ही, २ ते ३ मिमी गॅप. प्रीहीट (वेल्डिंगआधी प्लेट तापवणे) १५० ते २०० अंश, आणि ते अंदाजाने नको, टेम्परेचर चॉक (ठरावीक तापमानाला वितळणारा खडू) लावून बघा. रॉड ३१० चा (जास्त क्रोमियम-निकेलचा, उष्णतेत टिकणारा), २.५ मिमी, डीसीवर होल्डर पॉझिटिव्ह, ६५ ते ७५ अँपिअर. ३०८एल ९५० अंशांवर लवकर पपडी धरतो, तिथे तो नकोच. रॉड आडवा न हलवता सरळ, अरुंद पास (वेल्डचा एक थर) मारा. पुढच्या पासआधी तापमान २०० च्या आसपास उतरू द्या. ३१० चा वेल्ड गरम असतानाच चिरतो, विशेषतः पासच्या शेवटच्या खड्ड्यात. तिथे आर्क एकदम तोडू नका, थोडे मागे येऊन खड्डा भरा.

भट्टी रोज चालू-बंद होत असेल, तर ३१० आणि ४४६ यांच्या प्रसरणातला फरक वेल्डच्या कडेला ताण देत राहतो. अशा वेळी निकेल मिश्रधातूचा ईएनआयसीआरएफई-३ रॉड महाग पडला तरी तोच घ्या. फक्त भट्टीच्या वायूंत गंधक असेल तर निकेल टिकत नाही. तिथे वरचा पास ४४६ च्याच फिलरचा (भरायच्या धातूचा) द्यावा.

प्रश्न : या कामात साधा कापडी मास्क चालेल का?

उत्तर : नाही. स्टेनलेसच्या धुरात हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचे विषारी रूप) असते, आणि वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक म्हणून २०१७ पासून वर्गीकृत आहे. टिगपेक्षा (गॅसच्या आच्छादनाखालच्या वेल्डिंगपेक्षा) रॉडच्या वेल्डिंगमध्ये हे क्रोमियम जास्त निघते. धूर ओढणारा पाइप आर्कपासून वीतभर अंतरावर, वेल्डरच्या तोंडाच्या उलट बाजूला ठेवा, आणि हेल्मेटखाली पी-१०० फिल्टरचा (अतिसूक्ष्म कण अडवणारा), चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क द्या. दाढी वाढलेली असेल तर तो मास्क घट्ट बसत नाही, धूर कडेने आत शिरतो.