मुंबई श्रीमंत होत असताना घरकाम करणाऱ्या स्त्रिया गरीबच का राहतात?

आपण विचारले आहे की, 1991 च्या आर्थिक उदारीकरणानंतर मुंबईत इतका पैसा आला, जागोजागी टॉवर उभे राहिले, घरकामाला बायकांची मागणीही वाढली, तरी धुणीभांडी करणाऱ्या स्त्रियांचे दारिद्र्य का हटत नाही. माझ्या मते, या वाढीतून त्यांना कामे भरपूर मिळाली, पण कामाचा दर ठरवण्याची ताकद मिळाली नाही.

1982 च्या कापड गिरण्यांच्या संपानंतर गिरणगावातल्या कितीतरी घरांत पुरुषाचा पगार थांबला आणि संसार सावरण्यासाठी बायका भांडी घासायला, पोळ्या लाटायला बाहेर पडल्या. गिरणीत हजेरीपट होता, बोनस होता, प्रॉव्हिडंट फंड होता. या कामात त्यातले काहीच नव्हते. शहराच्या भरभराटीचा हिशेब मांडताना ही बाजू सहसा सुटते.

घरकामाचा मोबदला भांड्यांचे इतके, केर-लादीचे इतके असा घरागणिक ठरतो. मिळकत वाढवायची तर आणखी एक घर धरावे लागते, आणि घरे किती धरायची याला शरीराची मर्यादा असते. तिशीत पाच-सहा घरे करणारी बाई पन्नाशीत गुडघे दुखू लागले की दोन-तीन घरांवर येते, म्हणजे अनुभव वाढतो तशी तिची मिळकत घटते. माझ्या ओळखीच्या एका घरात कालनिर्णयवर बाईच्या खाड्यांभोवती लाल गोल केलेले असतात आणि महिन्याला दोनपेक्षा जास्त खाडे झाले की पैसे कापले जातात. मात्र मालक स्वतः महिनाभर गावी गेले, तर त्या महिन्याचा पगार देणारी घरे मी फार थोडी पाहिली आहेत. त्यात झोपडी पाडल्यावर पुनर्वसनात शहराच्या पूर्व कडेला मानखुर्द किंवा माहुलला घर मिळालेल्या अनेकींची जुनी कामे लांब पडली.

महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 चा आहे, पण तो कल्याणाचा कायदा आहे, मोलाचा दर तो ठरवत नाही. कर्नाटकाने मात्र 2004 मध्येच घरकामासाठी किमान वेतन जाहीर केले होते. मंडळाच्या नोंदणीचे अर्ज मी काही जणींना भरून दिले आहेत. अर्जासोबत मालकाच्या सहीचा दाखला लागतो, आणि उद्या आपल्यावर जबाबदारी येईल या धास्तीने चांगली शिकलेली माणसे सही द्यायला कां-कूं करतात. याचे परिणाम प्रत्यक्ष भोगावे लागतात: एप्रिल 2021 मध्ये कोरोनाच्या निर्बंधांच्या काळात सरकारने जाहीर केलेले 1,500 रुपये नोंदीत कामगारांसाठीच होते, त्यामुळे नोंदणी नसलेल्या बाईला हातची कामे सुटूनही त्यावर हक्क सांगता आला नाही.

आपल्या घरी कुणी ताई किंवा मावशी कामाला येत असतील, तर पगारी साप्ताहिक सुट्टी, आपण गावी गेलो तरी पूर्ण पगार, दरवर्षी न मागता वाढ आणि त्या दाखल्यावर सही, एवढे आपण याच महिन्यापासून करू शकता; किमान दराची मागणी मात्र सरकारकडेच लावून धरावी लागेल.