दहा वर्षांच्या नातवासाठी रोबोटिक्सचे कोणते किट घ्यावे?

आपला नातू पाचवीत आहे, वाढदिवसाला त्याला स्वतः जोडता येईल आणि प्रोग्रामही करता येईल असे किट द्यायचे आहे, खर्च सहा हजारांच्या आत ठेवायचा आहे, आणि इंदूरच्या दुकानात आपल्याला एक ‘१४ इन १’ सोलर किट आणि दुसरे ३७ सेन्सरांचे आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा एक छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) किट दाखवले गेले. यांपैकी कोणते घ्यावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते दोन्ही घेऊ नयेत. मायक्रोबिट नावाच्या छोट्या बोर्डावर चालणारी दोन मोटरांची चाकगाडी घ्यावी आणि उरलेल्या पैशांतून चार्ज होणारे सेल व व्होल्टेज मोजणारा एक साधा मल्टिमीटर घ्यावा. मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा सांभाळतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत लोकमान्य नगरात मुलांना हाच विषय शिकवतो, म्हणून कारणे जरा तपशिलाने लिहितो.

सोलर किटमध्ये एक लहान मोटर, एक सौरपट्टी आणि प्लास्टिकचे सुटे भाग असतात. त्यांची कधी होडी होते, कधी कासव होते. उन्हात धरले की चालते आणि सावलीत नेले की थांबते. त्यात प्रोसेसर नसतो, त्यामुळे मुलाने लिहिलेली सूचना साठवायला जागाच नसते. गिअर एकमेकांत कसे बसतात हे कळण्यासाठी ते चांगले आहे आणि सहा-सात वर्षांच्या मुलाला मी ते आनंदाने देईन. परंतु रोबो म्हणायचा तर बाहेरचे काही जाणणारा सेन्सर, त्यावरून निर्णय करणारा प्रोग्राम आणि त्या निर्णयाप्रमाणे हलणारी मोटर या तिन्ही गोष्टी हव्यात. खोक्यावर लिहिलेला ‘१४’ हा आकडा आकारांचा आहे, कामांचा नाही.

आर्डुइनोच्या खोक्याची अडचण नेमकी उलटी आहे. आर्डुइनो २००५ मध्ये इटलीतील इव्रेआ येथे तयार झाले ते डिझाइन शिकणाऱ्या मोठ्या विद्यार्थ्यांसाठी, आणि त्याची नेहमीची भाषा सी प्लस प्लसच्या वळणाची, टंकून लिहायची आहे. एक अर्धविराम सुटला की प्रोग्राम चढत नाही आणि चूक सांगणारा संदेश इंग्रजीत येतो. त्यात ब्रेडबोर्डवरची, म्हणजे तारा नुसत्या खोचून जोडायच्या पाटीवरची, एखादी तार सैल असली, तर दोष प्रोग्रामात आहे की जोडणीत, हे दहा वर्षांच्या मुलाला ओळखता येत नाही आणि तो किट बाजूला ठेवून देतो. ३७ पैकी बरेचसे सेन्सर पिशवीतून बाहेरही येत नाहीत. हेच किट मूल बारा-तेरा वर्षांचे झाले की उत्तम, कारण त्याचे सुटे भाग स्वस्त आहेत आणि सगळीकडे मिळतात.

मायक्रोबिटची गोष्ट वेगळी आहे. बीबीसीच्या पुढाकाराने तो बोर्ड शाळकरी मुलांसाठीच तयार झाला आणि २०१६ मध्ये ब्रिटनमधील अकरा-बारा वर्षांच्या मुलांना शाळांमधून मोफत वाटला गेला. चार सेंटीमीटर गुणिले पाच सेंटीमीटरच्या त्या पाटीवर २५ लाल दिवे, दोन बटणे, हालचाल ओळखणारा सेन्सर आणि होकायंत्र हे सगळे आधीच बसवलेले असते; २०२० मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत मायक्रोफोन आणि स्पीकरही आहे. म्हणून दुकानात ‘व्ही-टू’च मागावा. एकही तार न जोडता, नुसती यूएसबी केबल लावून, पहिल्या अर्ध्या तासात मुलाच्या नावाची अक्षरे त्या दिव्यांवर सरकू लागतात. प्रोग्राम मेककोड या संकेतस्थळावर रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून करायचा असतो. ठोकळ्यांची ही पद्धत अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या स्क्रॅच या मुलांसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेने २००७ पासून जगभर रुजवली आहे. पुढे मूल तयार झाले की तोच प्रोग्राम तिथेच जावास्क्रिप्ट किंवा पायथॉन या टंकून लिहायच्या भाषांमध्ये पाहता येतो, म्हणजे वय वाढले म्हणून किट टाकून द्यावे लागत नाही.

मेककोड मोफत आहे आणि त्यात पडद्यावरचा खोटा मायक्रोबिट प्रोग्राम चालवून दाखवतो. त्यामुळे पैसे खर्च करण्याआधी एखाद्या रविवारी घरच्या लॅपटॉपवर ते उघडून नातवाला त्याच्यासमोर बसवावे आणि आपण काही न सांगता पाहावे. तो ठोकळे स्वतःहून हलवू लागला तर खरेदी नक्की करावी. घरात लॅपटॉप नसेल तर मोबाईलवरूनही काम होते, पण छोट्या पडद्यावर ठोकळे ओढताना मुले कंटाळतात, हे मी वारंवार पाहिले आहे.

आता गाडीविषयी. स्वस्त गाड्यांत पिवळ्या रंगाच्या, प्लास्टिक गिअरच्या मोटरा असतात; बाजारात त्यांना बीओ मोटर म्हणतात. आमच्या वर्गात मुलांचे पहिले काम म्हणजे फरशीच्या जोडावर गाडी ठेवून तिला सरळ चालवणे. मूल दोन्ही मोटरांना २५५ पैकी २०० (२५५ म्हणजे पूर्ण वेग) असा सारखाच वेग देते आणि गाडी उजवीकडे वळत जाते. मूल आधी प्रोग्राम पुन्हा पुन्हा वाचते, मग चाके काढून अदलाबदल करते, तरी गाडी उजवीकडेच जाते. मग त्याच्या लक्षात येते की दोन मोटरा एकाच कारखान्यातून आल्या तरी सारख्या नसतात. डावी किंचित जलद फिरते, म्हणून तिचा आकडा १८५ केला की गाडी रेघ धरते. दुसऱ्या दिवशी सेल उतरलेले असतात आणि तेच आकडे पुन्हा चुकतात. इथे मूल स्वतःच विचारते, ‘गाडीला आपण वाकडे जातोय हे कळणार कसे?’ त्या क्षणी रेघ ओळखणारा सेन्सर तिच्या पोटाखाली लावून दिला की स्वयंचलित नियंत्रणाचा पाया त्याला व्याख्येशिवाय समजतो. महाग किटच्या मोटरांत चाक किती अंश फिरले हे मोजणारा एन्कोडर असतो आणि त्या सुरुवातीपासून सरळ चालतात. तरीही पहिल्या किटसाठी मी ही वाकडी चालणारी गाडीच पसंत करतो, मात्र मुलाशेजारी कोणीतरी बसणारे हवे.

लेगोचा उल्लेख आपण केलेला नाही, पण नातेवाईक हमखास करतील. त्यांची माइंडस्टॉर्म्स ही रोबो-संचांची मालिका १९९८ मध्ये आली आणि २०२२ च्या अखेरीस बंद झाली. त्यामुळे कोणी जुना संच स्वस्तात देत असेल तर केबल, बॅटरी आणि चालू संगणकावर उघडणारे सॉफ्टवेअर या तिन्हींची खात्री केल्याशिवाय घेऊ नये. स्पाइक प्राइम हा त्यांचा संच फार चांगला आहे, त्याचे भाग हाताने सहज बसतात आणि निघतात, पण त्याची किंमत आपल्या अंदाजाच्या कित्येक पट आहे.

विजेचा भाग मी मुद्दाम वेगळा लिहितो, कारण घरी आणलेली बहुतेक किट इथेच अडतात. काही गाड्यांसोबत चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी देण्याची पद्धत आहे. तिच्यावर आकडा मोठा असला तरी मोटर सुरू होताना लागणारा प्रवाह तिला झेपत नाही. व्होल्टेज क्षणभर कोसळते, बोर्ड बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि गाडी जागच्या जागी झटके खाते. मुलाला वाटते, आपला प्रोग्राम चुकला. त्याऐवजी पेन्सिल सेलच्या आकाराचे चार निकेल-मेटल हायड्राइड सेल आणि त्यांचा चार्जर घ्यावा, प्रत्येकी १.२ व्होल्ट धरून ४.८ व्होल्ट मिळतात आणि बहुतेक छोट्या गाड्यांच्या मोटर चालवणाऱ्या बोर्डाला ते पुरतात, तरी खोक्यावर लिहिलेली मर्यादा वाचून घ्यावी. काही गाड्यांना १८६५० या मापाचे लिथियम सेल लागतात. त्यांची दोन टोके चुकून जोडली गेली तर आग लागू शकते, म्हणून या वयाच्या मुलाच्या हाती ते देऊ नयेत आणि तशी गाडी घेऊच नये.

दुकानदाराला एवढेच विचारावे की यातली एक मोटर किंवा एक चाक तुटले तर सुटे मिळेल का. ‘पूर्ण संचच घ्यावा लागेल’ असे उत्तर आले तर ते किट सोडून द्यावे. बीओ मोटर, सेलचा डबा, तीन मिलिमीटरचे नट-बोल्ट हा माल सामान्य आहे. इंदूरच्या महाराणी रोडवर चौकशी करावी, नाहीतर ऑनलाइन मागवता येतो. पुस्तिका पाहताना तिच्यात चित्रे किती आहेत ते पाहावे, कारण आपण लिहिल्याप्रमाणे नातू हिंदी माध्यमात शिकतो आणि लांबलचक इंग्रजी सूचना वाचण्यात त्याचा उत्साह संपू नये. शिवाय त्याच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे का, हे आत्ताच विचारून ठेवावे. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनखाली २०१६ पासून सुरू झालेल्या या प्रयोगशाळा सहावी ते बारावीच्या मुलांसाठी आहेत, म्हणजे पुढच्या वर्षी त्याला तिथे प्रवेश मिळू शकेल, आणि आर्डुइनोवर हात बसवण्याची संधी तिथेच मिळेल.

संगणक येत नाही म्हणून आपला काय उपयोग, असे आपण शेवटी लिहिले आहे. त्याच प्रश्नात आपण मिलच्या वीज विभागात नोकरी केल्याचेही लिहिले आहे. ठोकळे कसे जोडायचे हे मुलगा आठवड्यात शिकेल, ते कोणी शिकवावे लागत नाही. पण गाडी हलली नाही की आधी सेलचे व्होल्टेज मोजायचे, मग स्विच, मग मोटरेच्या दोन टोकांवर वीज पोहोचते का ते पाहायचे आणि प्रोग्रामला सर्वांत शेवटी हात लावायचा, हा क्रम संगणक शिकवणाऱ्या अनेकांना येत नाही आणि आपण तो आयुष्यभर पाळला आहे. म्हणून मल्टिमीटर सुचवला. गाडी आणल्यावर ती आपण जोडून देऊ नये. स्क्रूड्रायव्हर त्याच्या हाती द्यावा, मीटर आपल्या हाती ठेवावा, आणि गाडीसोबत नऊ व्होल्टची बॅटरी आली असेल तर पहिल्या दिवशी ती व चार सेल या दोन्हींवर मोटर सुरू होताना काटा किंवा आकडा किती खाली येतो, ते त्याला दाखवावे.